उसना गडी

दत्तू आमच्या घरी आला तो उसना म्हणून. सणसरला तेव्हा घरोघर उसनवारी चाले. पीठ, मीठ, विस्तव, लग्नकार्यातली मोठी पातेली, पेरणीच्या दिवसांत एखादा बैल. पण माणूसही उसना आणता येतो हे मला त्या दिवशी कळलं. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणत असू, गुळाच्या ढेपा बारामतीच्या बाजारात घालून परतले, तेव्हा रिकाम्या गाडीत पोत्यांवर एक सावळा, उंच मानेचा मुलगा बसला होता. मांडीवर चिनी मातीची बरणी होती आणि ती तो दोन्ही हातांनी सांभाळत होता. बैल सोडायच्या आधीच आबा आईला म्हणाले, "ह्यो दत्तू. तालमीतनं उसना आणलाय. आजपास्नं आपल्यात जेवंल." आईनं त्याला खालून वर पाहिलं आणि विचारलं, "आन् बरणीत काय हाय?"

"लिंबाचं लोणचं," तो म्हणाला. "वस्तादीणबाईंनी दिलंय. रिकाम्या हातानं जाऊ नगं म्हनल्या."

बारामतीला कऱ्हेच्या काठी ती तालीम होती. तिथं कुस्तीही चाले, पण ज्ञानू वस्तादांचा खरा जीव हुतूतूवर. आता सगळे त्याला कबड्डी म्हणतात. मैदानात गडी सातच उतरायचे आणि तालमीत पोरं तर पुष्कळ. सातांबाहेरची पोरं मातीवर पाणी मारायची, थोरल्यांची अंगं रगडायची आणि कडेला बसून बघायची. बसून राहिलेला गडी नासतो, असं वस्तादांचं म्हणणं. म्हणून दर हिवाळ्यात ते होतकरू पोरं आसपासच्या गावांना द्यायचे. गावानं खाऊ घालायचं, जत्रांतले सामने खेळवायचे, पोरगं पक्कं होऊन तालमीत परत यायचं. यात पैशाचा संबंध नव्हता. अट एकच होती, उसना गडी आपल्या तालमीविरुद्ध मैदानात उतरणार नाही. आणखी एक गोष्ट होती, ती कुणी बोलून दाखवत नसे. असा दिलेला मुलगा एकटा आपल्या पायांनी परत आला, तर तो कष्टाला कंटाळून पळून आला असं धरलं जाई, आणि वस्ताद त्याला पुन्हा मातीत पाय ठेवू देत नसत. ज्यांनी नेलं त्यांनी आणून पोचवायचं. गावच्या हुतूतूच्या संघाचं सगळं आबांकडं होतं. मागच्या वर्षी भैरोबाच्या जत्रेत आमचा संघ इतका वाईट हरला होता, की माझा थोरला भाऊ महादू, जो संघाचा म्होरक्या, तो चार दिवस चावडीकडं फिरकला नव्हता. त्यामुळं आबांनी वस्तादांकडं शब्द टाकला आणि वस्तादांनी दत्तूला गाडीत बसवलं. परत कधी आणायचं हे वस्तादांनी सांगितलं नाही, आबांनी विचारलं नाही. उसन्याच्या वेळी तसं विचारण्याची रीतच नव्हती.

आमचं घर मळ्यात होतं, गुऱ्हाळाला लागून. हिवाळा लागला की घरात वेगळं घड्याळ नको असे. लोखंडी चरक करकरायला लागला की उठायचं. बैल गोल फिरत, चुलवाणात चिपाडं पेटत, काहिलीतला रस आधी खळखळ वाजे आणि घट्ट होत आला की त्याचा आवाज जड होई, म्हाताऱ्या माणसानं स्वतःशी पुटपुटावं तसा. मी तेव्हा सातवीत होते, गावात तितकं शिकणारी एकटीच मुलगी. माझ्या भूगोलाच्या पुस्तकाची पानं काकवीनं चिकटलेली असत. मास्तर म्हणत, "शकू, तुझा आशिया खंड एक दिवस मुंग्या घेऊन जाणार." न्याहारीला बाजरीची भाकरी, वर ताजी काकवी आणि वाटीत दूध. दत्तूला घरातल्यासारखंच ताट होतं, फक्त त्याच्या भाकरीवर लोण्याचा गोळा थोडा मोठा पडे. महादूच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं.

"बारामतीकर," तो म्हणाला, "केसाला एवढं त्याल आन् पोटात एवढं लोणी. कुणाच्या हाताला गावायचं न्हाय, असा बेत दिसतोय."

"त्याल केसाला हाय, दादा," दत्तू भाकरी मोडत म्हणाला. "तुमी पाय धरा की."

महादूनं संध्याकाळी पाय धरला. चुलवाणातली राख आणि पाचट पसरून खेळायला जागा केली होती, तिथं अर्धं गाव जमलं होतं. दत्तू पकडीतून असा निसटला की महादूच्या हातात नुसतं पाचट राहिलं. महादू उठला, अंग झटकलं आणि त्या दिवसापासून त्यानं दत्तूच्या लोण्याबद्दल तक्रार केली नाही.

दत्तूचं सगळं बळ दमात होतं. चढाईला जाणाऱ्या गड्यानं मधली रेषा ओलांडताना "हुतूतू" सुरू करायचं, पलीकडच्या कुणाला शिवायचं आणि त्याच दमात परत यायचं. मध्ये श्वास घेतला की गडी बाद. दत्तू हा दम वाढवण्यासाठी रोज सकाळी कालव्याच्या कडेनं हुतूतू म्हणत चालायचा. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते ऐकू यायचं. आईची त्या वेळी भाकरीची घाई असे. तिला काय वाटलं कोण जाणे, पण त्याचा दम सुरू झाला की ती भाकरी तव्यावर टाकायची आणि दम संपला की उलटायची. सुरुवातीला भाकरी थोडी कच्ची राहायची. मग पौष-माघात ती नेमकी होऊ लागली आणि फाल्गुनात एकदा आई मला म्हणाली, "बघ, भाकर करपली. पोराचा दम वाढलाय." करपलेली भाकरी तिनं कौतुकानं स्वतःच्या ताटात घेतली.

हे लिहिताना मी मधून मधून थांबते. इंदापूरच्या या घरात रस्त्यावरच्या गाड्यांशिवाय आवाज नाही, आणि मुलींच्या शाळेत इतकी वर्षं निबंध तपासल्यामुळं स्वतःचं एक वाक्य लिहिलं की त्याखाली रेघ मारावीशी वाटते. दत्तू यंदाच्या श्रावणात गेला. शेवटच्या महिन्यात एक वाक्य बोलताना त्याला मध्ये दोनदा श्वास घ्यावा लागे. तेव्हा मी त्याच्या उशाशी बसून दुसरंच काहीतरी बोलत राहायचे.

चैत्रात जत्रा सुरू झाल्या आणि आमचा संघ एकामागून एक गावं जिंकत गेला. इंदापुरापर्यंत आमच्या गाड्या गेल्या. परत येताना पोरं नारळ फोडत, गात येत. लोक आबांना विचारत, "ह्यो तुमचा कितवा?" आणि आबा म्हणत, "ह्यो उसना. पर आमचाच." दत्तू हे ऐकून हसायचा, पण त्याचं मन कुठं होतं ते मला ठाऊक होतं. त्यानं मला सांगितलं होतं. अक्षय्यतृतीया झाली की वस्तादीणबाई सात बनियनं लाल रंगवतात आणि तालमीच्या अंगणात दोरीवर वाळत घालतात. वैशाखअखेर बारामतीला मोठे सामने असतात, त्यात तालमीचे सात गडी तीच घालतात. एकदा ते बनियन अंगावर आलं की माणूस वस्तादांच्या सातांतला होतो. "मला त्यातलं एक पायजे, शकूताई," तो म्हणाला होता. मी त्याच्याहून पाच वर्षांनी लहान, तरी तो मला ताई म्हणायचा. तालमीत वाढलेल्या, बहीण नसलेल्या मुलाची ती रीत असावी.

जत्रा संपल्या. गुऱ्हाळही विझलं. चरकावर पोती टाकली, काहील पालथी घातली, आणि घर एकदम गप्प झालं. दत्तूला आता काही काम नव्हतं. तो गोठा झाडायचा, पाणी ओढायचा, माझ्या वह्यांना कव्हरं घालायचा, आणि गाडीवाटेकडं बघायचा. तालमीकडून कुणी येत नव्हतं. आबा दर गुरुवारी बारामतीच्या बाजाराला जात. एका गुरुवारी ते परतले तेव्हा दत्तूनं बैल सोडायला घेतले, पण त्याचे कान आबांच्या बोलण्याकडं होते. आईनंच विचारलं, "वस्ताद भेटलं का?"

"भेटलं की. च्या पाजला. पोरगं कसं हाय म्हनलं. म्या म्हनलं, ब्येस हाय."

"आन्?"

"आन् काय? पाऊसपाण्याचं बोललो."

"परत धाडा म्हनलं का?"

"न्हाय बा. त्येंनी तसलं काय काढलं न्हाय."

दत्तूनं जू खाली ठेवलं आणि बैलांना पाण्यावर नेलं. त्या दिवशी तो जेवायला उशिरा आला आणि अर्धी भाकरी ठेवून उठला. महादूनं त्याला गाठलं. त्याच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता, पण स्वार्थ होता. सणसरचा संघही बारामतीला उतरणार होता. "त्येंनी दुसरं कुणी बघितलं असंल," महादू म्हणाला. "मग हितंच ऱ्हा की. आपल्याकडनं खेळ."

"तालमीसंगं गाठ पडली तर?"

"तवाचं तवा बघू."

"तवा मी बसणार, दादा. आन् मी बसलो तर तुमी काय करणार?"

पुढच्या गुरुवारीही तसंच झालं. आबांना वस्ताद भेटले, चहा झाला, पोराची चौकशी झाली, पावसापाण्याचं बोलणं झालं. मी आबांना विचारलंही, की तुम्हीच का नाही म्हणत, आणून सोडतो म्हणून. आबा माझ्याकडं असे बघू लागले, जणू मी काही अभद्र बोलले होते. "आगं, घरात जेवणाऱ्याला जा म्हणायचं? त्येंनी बोलवलं की सोडू. आपणहून नेऊन सोडलं, तर पोरगं जड झालं असं दिसंल." त्यांना खरोखर तसंच वाटत होतं. पाच महिने ज्याला आपला म्हटलं, त्याला न बोलावता गाडीत घालणं त्यांच्या हातून होण्यासारखं नव्हतं.

गाठ आईनं सोडवली, तीही भाकरी करताना. कालव्यावरून दत्तूचा आवाज येत होता. तिनं भाकरी टाकली, पाणी फिरवलं, आणि आवाज तुटला. तिनं सवयीनं उलथनं लावलं, तर भाकरी खालून पांढरीच. दुसरी टाकली, तीही तशीच. तिसऱ्या वेळी आवाज सुरूच झाला नाही. आई हात धुऊन बाहेर आली. आबा ओट्यावर पागोटं बांधत होते.

"पोराचा दम गेला," ती म्हणाली. "तुमाला ठावं हाय का?"

"काय झालं?"

"त्येला वाटतंय, त्येंना नगं झालाय. वस्तादांनी त्येला कसा दिला तुमाला? काय म्हनून?"

"उसना म्हनून."

"मग उसनं मागायला कोन येतं व्हय? मी शेजारणीकडनं पायली नेली, तर ती माझ्या दारात यील का मागायला? मीच नेऊन द्यायची. ती मला वाटंत भेटली तर लेकरंबाळं कशी हायेत म्हणंल, पायलीचं नाव काढायची न्हाय. त्ये वस्ताद दर गुरुवारी तुमाला पोरगं कसं हाय म्हनून इचारत्यात, आन् तुमी ब्येस हाय म्हनून येताय."

आबांचं पागोटं अर्ध्यावरच राहिलं. त्यांच्या मनात दत्तू पाहुणा होता आणि वस्तादांच्या मनात तो उसना दिलेला होता. पाहुण्याला जा म्हणत नाहीत आणि उसनं परत मागत नाहीत. दोघंही आपापल्या जागी शहाण्या माणसासारखे वागत होते, दोघांनी एकमेकांना चहा पाजला होता, आणि मध्ये दत्तू वाळत चालला होता. मी आयुष्यात पुष्कळ पुस्तकं वाचली, पण माणसं चांगुलपणानं एकमेकांचं किती नुकसान करू शकतात, ते मला पहिल्यांदा त्या ओट्यावर कळलं.

आईनं फडताळातून बरणी काढली. लोणचं कधीच संपलं होतं, पण भांडं रिकामं परत जायचं नाही, म्हणून ती राहिली होती. राखेनं घासली, उन्हात वाळवली आणि काठोकाठ काकवीनं भरली. "दत्तू," ती म्हणाली, "कपडं घाल. तुला नेऊन द्यायचंय." तो तिच्याकडं बघत राहिला. मग आत गेला आणि बाहेर आला तेव्हा त्याचे केस तेलानं चापून बसवलेले होते.

आम्ही चौघं गेलो. आबा गाडी हाकत होते, आई आणि मी मागं, आणि दत्तू बरणी मांडीवर घेऊन पोत्यांवर, आला होता तसाच. तालमीच्या अंगणात गाडी शिरली आणि दोरीवर लाल बनियनं दिसली. सहाच होती. सातवं एका धिप्पाड मुलाच्या अंगावर होतं. त्यानं ते बहुधा त्याच सकाळी घातलं असावं, कारण गळ्याशी अजून ओलं होतं आणि त्याच्या मानेवर लाल ओघळ आले होते.

ज्ञानू वस्ताद ओसरीवरून उतरले. ठेंगणा, रुंद माणूस, कान कुस्तीत चेपलेले. त्यांनी आधी दत्तूला पाहिलं, मग आबांना. "लई दिस लावलंत, आबा," ते म्हणाले.

"तुमी बोलावलं न्हाय, वस्ताद."

"मी बोलवू? उसनं दिल्यालं मागू? म्या म्हनलं, सणसरकरांचं काम व्हायचंय अजून."

"आन् म्या पाव्हण्याला जा म्हणू?"

आबांच्या तोंडातून एक हसू निघालं, ते हसू नव्हतं. वस्ताद मात्र हसले नाहीत. ते दत्तूजवळ गेले, त्याच्या छातीवर पंजा ठेवला आणि म्हणाले, "दम घे." दत्तूनं सुरू केलं. त्या आवाजात ती सगळी थंडी होती, कालवा होता, आमच्या तव्यावरच्या भाकऱ्या होत्या. तो थांबेचना. आईनं माझा दंड धरला होता आणि मला कळत होतं, की तिच्या मनात भाकरी कधीच करपली आहे. शेवटी तो थांबला. वस्तादांनी पंजा काढला नाही. त्या धिप्पाड मुलानं एकदा आपल्या बनियनकडं पाहिलं आणि ते डोक्यावरून काढायला हात वर केले.

"घाल त्ये," वस्ताद न वळता म्हणाले. "दिल्यालं मी अंगावरनं उतरवत न्हाय." मग दत्तूला, अगदी हळू, "यंदाचं गेलं रं."

दत्तूनं मान हलवली. त्यानं रडावं असं मला वाटत होतं, म्हणजे मला रडता आलं असतं. पण त्यानं बरणी उचलली आणि वस्तादीणबाईंना नेऊन दिली. त्या उंबऱ्यात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्यांनी झाकण उघडलं, काकवीचा वास घेतला, बरणी आत नेली आणि थोड्या वेळानं तीच बरणी पुन्हा भरून आणली, लिंबाच्या लोणच्यानं. ती आईला द्यायची सोडून त्यांनी दत्तूच्या हातात दिली.

"ही त्येंच्या गाडीत ठीव," त्या म्हणाल्या. "आन् आता बरणी त्येंच्याकडं हाय, ह्ये ध्यानात ठीव. दिवाळीला आणायला तूच जायचंस. ह्यास्नी एकमेकाला काय बोलता येत न्हाय."

त्या वर्षीच्या सामन्यांत दत्तू कुणाकडूनच खेळला नाही. सणसरचा संघ पहिल्याच दिवशी हरला आणि महादू म्हणाला, "त्यो असता तर..." पुढच्या वर्षी दत्तूला लाल बनियन मिळालं आणि तो पुष्कळ वर्षं खेळला. मग साखर कारखान्यात लागला, संसार केला, पोरांना खेळ शिकवला. पण तो म्हणायचा, की गाडीतून उतरल्यावर अंगणात जो दम टिकला, तसा पुन्हा कधी टिकला नाही. हे सांगताना त्याच्या बोलण्यात कुणाबद्दल राग नसे. आबांचं नाव तो शेवटपर्यंत आदरानं घेत असे.

बरणी मात्र थांबली नाही. दर भाऊबीजेला तो आधी सणसरला आणि मग मी नोकरीला लागल्यावर इंदापूरला येई, ओवाळून घेई आणि बरणी घेऊन जाई, किंवा देऊन जाई. कोणत्या वर्षी ती कुणाकडं आहे हे आम्हा दोघांनाच ठाऊक असे. वस्तादीणबाई गेल्या, आई गेली, मग त्याची बायको लोणचं घालू लागली आणि मी काकवी आणू लागले. गेल्या दिवाळीला त्यानं बरणी आणली, लिंबाच्या लोणच्यानं भरलेली. यंदा भाऊबीजेची वाट न बघता मी ती संक्रांतीलाच परत न्यायची होती. गुडघे दुखत होते, मग उन्हाळा कडक होता, मग पाऊस होता, आणि त्याचं दुखणं ऐकून धावले तेव्हा बरणी घरीच राहिली.

तेराव्याला मी बारामतीला गेले तेव्हा वहिनीनं मला शेजारी बसवून घेतलं, माझी तब्येत विचारली, गुडघे विचारले. बरणीचं नाव तिनं काढलं नाही. ती कधी काढणारही नाही, आणि मी इथं काकवीची वाट बघत बसले, तर पुन्हा तेच होईल. आमचं गुऱ्हाळ केव्हाच मोडलं, ऊस सगळा कारखान्याला जातो. पणदऱ्याकडं एक गुऱ्हाळ आहे म्हणतात, पण ते दिवाळीनंतर पेटेल. काल मी बरणी घासली. घरात गुळाची अर्धी ढेप होती, ती फोडून त्यात भरली. काकवीसारखी ती काठोकाठ भरत नाही, खड्यांमध्ये जागा राहते. राहू दे. उद्या सकाळच्या एसटीनं मी बारामतीला जाणार आहे, बरणी मांडीवर घेऊन.